ज्वारीच्या पेवापासून पाच रुपयांच्या पुड्यापर्यंत

मुलं भाकरी खात नाहीत, पुडे खातात, ही तक्रार आज बुलडाणा जिल्ह्यात घरोघरी ऐकू येते. दोष मुलांना दिला जातो, नाहीतर त्यांच्या आईला. पण इतिहास पाहिला तर दिसते की पुडा हातात येण्याच्या कितीतरी आधी भाकरी ताटातून निघायला लागली होती.

आपल्याबद्दल एक समज आहे की मुसलमानाचे जेवण म्हणजे बिर्याणी. वऱ्हाडातल्या शेतकरी, बागवान, पिंजारी, मजूर कुटुंबांना विचारा. बिर्याणी लग्नात, गोश्त पाहुणे आले तर. रोजच्या दस्तरखानावर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा. आपण तिला ‘जवारी की रोटी’ म्हणालो, शेजाऱ्याने भाकरी म्हटले. भाकरी एकच होती.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावची कापूस बाजारपेठ फुगली. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळला, पण ज्वारीच्या शेतात कापूस शिरला. पूर्वी पेवात साठवलेली ज्वारी वाईट वर्षी घर तगवायची. आता धान्य विकत घ्यावे लागू लागले. 1899-1900 च्या दुष्काळात याची किंमत वऱ्हाडाने मोजली.

पुढचा बदल तेला-तुपात झाला. 1937 मध्ये डालडा बाजारात आला आणि वनस्पती तूप सणावाराच्या स्वयंपाकात शिरले. स्वातंत्र्यानंतर धान्य कमी पडले, तेव्हा अमेरिकेच्या पीएल-480 कायद्याखाली गहू येऊ लागला. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. रेशनच्या दुकानाने लाखो लोकांना उपासमारीतून वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण त्याच दुकानाने घराघरात गहू-तांदळाची सवयही रुजवली.

ज्वारीचे शेतही बदलत होते. 1964 मध्ये सीएसएच-1 हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. पीक वाढले, पण कापणीच्या वेळी पाऊस आला की खरिपाचे कणीस काळे पडायचे आणि भाव पडायचा. मग सोयाबीन आले. ते लवकर निघते, रोख पैसे देते. शेतकऱ्याने हिशेब केला, त्यात त्याचे काही चुकले नाही. पण सोयाबीनची भाकरी होत नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरे कमी झाली आणि घरचे दूधही आटले. 1994 नंतर पामतेलाची आयात खुली झाली. गावच्या घाण्याचे करडई-जवसाचे तेल आधीच मागे पडले होते.

अशा रिकाम्या झालेल्या ताटात पुडा आला. मॅगी भारतात 1983 मध्ये आली होती, पण खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत खरी पोहोचली ती पाच-दहा रुपयांची पाकिटे. आत काय असते? मैदा नाहीतर मक्याचे पीठ, पामतेल, मीठ, साखर. तळलेले पदार्थ आपल्याला नवे नाहीत. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबाची शेगावची कचोरी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण ती प्रवासात खायची चीज होती. पुडा रोजचा झाला, फरक तिथे आहे. रमजानमध्ये खजुराने सोडलेला रोजा पुढे तळणावर आणि रंगीत सरबतावर संपतो, तेव्हा दिवसभराच्या संयमाचे काय होते, याचा विचार आपणच करायचा आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. हा आता फक्त शेठ लोकांचा आजार राहिलेला नाही. त्याच 2023 ला जगाने भरडधान्य वर्ष साजरे केले. पण मजुराला भाकरी खायची असेल तर ज्वारी बाजारातून विकत घ्यावी लागते आणि रेशनचा गहू-तांदूळ फुकट मिळतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती, पिशवीत मात्र बहुतेक वेळा गहू-तांदूळच आला. शाळेच्या पोषण आहारातही मुख्य धान्य तांदूळच.

म्हणून आईला बोल लावून हा प्रश्न सुटणार नाही. सहेरीला एक भाकरी, मुलाच्या डब्यात पुड्याऐवजी शेंगदाणे-गूळ, एवढे आपल्या हातात आहे. बाकीचे मागून घ्यावे लागेल: ज्वारीची हमीभावाने खरेदी आणि तीच ज्वारी रेशनवर व शाळेच्या खिचडीच्या भांड्यात. भाकरी धोरणांनी गेली आहे, ती परत आणायलाही धोरणच लागेल.