ठिणगीने ऐकलेली गोष्ट

दिवाळीच्या पणतीकडे आपण सारेच पाहतो; परंतु तिची ज्योत विजेची वाहक आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने 1600 साली लोहचुंबकावर जो ग्रंथ लिहिला, त्यात घासून विद्युत्‌भारित केलेली वस्तू ज्योतीजवळ नेली की तिचा गुण नाहीसा होतो, असे नोंदवून ठेवले आहे. या लहानशा निरीक्षणाला पुढे तीनशे-चारशे वर्षांनी मोटारगाडीच्या इंजिनात काम मिळाले. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे, आणि नाशिकहून पेठेकडे जाणाऱ्या घाटरस्त्याशी तिचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

ठिणगीने वायू पेटवण्याची युक्ती मोटारीहून जुनी. व्होल्टाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेच्या ठिणगीने वायूचा स्फोट घडवणारे पिस्तूल केले होते. 1860 साली लेन्वारने आपल्या वायू-इंजिनात विजेची ठिणगी वापरली. 1886 साली पेटंट घेतलेल्या बेन्झच्या तीनचाकी गाडीतही तीच होती. 1902 साली बॉशच्या कारखान्यात होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि स्पार्क प्लगला आजचे रूप आले. पुढे अमेरिकेत केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी जोडणी केली, ती अर्धशतकाहून अधिक काळ जगभर चालली. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात तयार झालेली फियाट हिच्याच जोरावर धावली. तिच्या पॉइंटला आपले मिस्त्री 'प्लॅटिनम' म्हणत, आणि ते कानसीने घासून साफ करणे हा त्यांच्या विद्येचा श्रीगणेशा असे.

या साऱ्या काळात प्लगचे काम एकच होते: पेटवायचे आणि गप्प बसायचे. आत काय झाले हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. ते मिस्त्रीने ताडायचे. प्लग खोलला, त्यावर काळी काजळी दिसली तर पेट्रोल जादा. पांढराफटक दिसला तर हवा जादा. चॉकलेटी दिसला तर सारे ठीक. ही प्लगची कुंडली मोठी उपयुक्त. पण ती गेल्या कित्येक मैलांची, आत्ताच्या क्षणाची नव्हे.

क्षणाची गोष्ट घाटात निघते. नाशिकहून पेठेला जाताना सावळघाट लागतो, पुढे कोटंबीचा घाट. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेटली की इंजिनातून टकटक ऐकू येते. याला 'नॉकिंग' म्हणतात. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर शिस्तीने पसरण्याऐवजी, शेवटी उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपणच एकदम पेटते आणि त्याच्या धक्क्याने पिस्टनला इजा होते. जाणता चालक आवाज ऐकताच गिअर उतरवतो. इंजिन बनवणाऱ्यांनी मात्र दुसरा उपाय धरला. अमेरिकेत 1921 साली मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून टकटक थांबवली. त्या शिशाचे विष हवेत गेले, आणि भारतभर ते पेट्रोलमधून हद्दपार व्हायला 2000 सालाचा फेब्रुवारी उजाडावा लागला. इंजिनाचे दुखणे वेळीच ऐकू न आल्याची किंमत माणसांच्या फुप्फुसांनी मोजली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता दुसरा धागा. वायू तापला की त्याच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटतात व तो वीज वाहू लागतो. किती तापमानाला किती कण असे सुटतील, याचे गणित 1920 साली एका भारतीयाने मांडले. ते म्हणजे मेघनाद साहा. त्यांनी ते मांडले सूर्याच्या वातावरणासाठी. परंतु 1996 साली स्वीडनच्या संशोधकांनी तेच समीकरण मोटारीच्या सिलिंडरला लावले. तिथे नायट्रिक ऑक्साइडचे कण इतर वायूंच्या मानाने सहज इलेक्ट्रॉन सोडतात, म्हणून प्लगमधून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून आतल्या उष्णतेचा आणि दाबाचा अंदाज बांधता येतो. जे सूर्यासाठी केले ते पिस्टनच्या कामी आले!

त्याआधीच, 1993 च्या सुमारास, स्वीडनच्याच साब कंपनीने आपल्या गाड्यांत ही कल्पना उतरवली होती. ठिणगी विझली की त्याच प्लगच्या टोकांवर थोडा विद्युत्‌दाब ठेवायचा आणि किती प्रवाह वाहतो ते मोजायचे. आलेखात तीन उंचवटे दिसतात: पहिला ठिणगीचा, दुसरा ज्योतीचा, तिसरा जळालेल्या तप्त वायूचा. तिसऱ्याचे शिखर दाबाच्या शिखराजवळ येते. दुसरा-तिसरा उमटलाच नाही, तर मिश्रण पेटले नाही. तिसऱ्यावर बारीक थरथर दिसली, तर टकटक सुरू झाली. साब कंपनी 2011 साली दिवाळखोरीत गेली. तिची ही विद्या मात्र टिकली.

हे यंत्र घरी बांधता येते काय? येते, आणि हौशी मंडळींनी ते बांधलेही आहे. कॉइलच्या उच्च दाबाच्या वेटोळ्याचे जमिनीकडचे टोक मोकळे करून तिथे एक कपॅसिटर बसवायचा. ठिणगीचाच प्रवाह त्याला भारित करतो. शेजारचा झेनर डायोड तो भार ऐंशी-शंभर व्होल्टवर रोखतो. ठिणगी संपताच कपॅसिटर तोच दाब प्लगवर ठेवतो, आणि मालिकेतल्या एका रोधकावर काही मायक्रोअँपिअरचा संकेत मिळतो. सामान शेकड्यांतले, अडचणी मात्र मोठ्या. कित्येक कॉइलींत ते टोक आतच जोडलेले असते. जुन्या फियाटसारख्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत रोटरची हवेची फट हा चिमुकला दाब ओलांडू देत नाही. म्हणून प्रयोगाला सोयीची ती साधी एका सिलिंडरची मोटारसायकल. ठिणगीनंतर कॉइल थोडा वेळ झणझणते, त्यात संकेताचा आरंभ बुडतो. आणि ठिणगीचा दाब हजारो व्होल्टचा, तेव्हा तिथे बेसावध हात चालत नाही.

स्वहस्ते यंत्र उभारण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 च्या सुमारास 'मीरा' नावाची चिमुकली मोटार घडवली आणि पुढे कित्येक वर्षे तिच्यात सुधारणा केल्या. ती कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडली नाही, हे खरे. परंतु गाडी ही उघडून पाहण्याची, समजून घेण्याची वस्तू आहे, ही श्रद्धा तिच्यामागे होती.

आज कसोटी आहे ती त्या श्रद्धेची. 2020 च्या एप्रिलपासून देशभर भारत-स्टेज सहाचे नियम आले आणि दुचाकीसुद्धा संगणकावर चालू लागली. हवा त्याने स्वच्छ झाली तर चांगलेच. पण पेठेसारख्या गावच्या गॅरेजात, ज्याने वडिलांकडून प्लगची कुंडली वाचायला शिकून घेतली, त्याच्यापुढे आता बंद पेटी येते. ती उघडायला शहरातले यंत्र लागते, आणि पावसाळ्यात दोन घाटांपलीकडे असलेले शहर दूरच असते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याचा प्लग सेकंदाला पंचवीस वेळा आतली हकीकत सांगायला तयार आहे. ती ऐकण्याची विद्या शाळेच्या प्रयोगशाळेत आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवली गेली, तर मिस्त्रीचा कान बाद होणार नाही. उलट त्याला डोळाही लाभेल.