विशेष आवृत्तीत विशेष काय?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतला पहिला चित्रपट ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेत डीव्हीडीवर आला. लांबी १७८ मिनिटे, म्हणजे चित्रपटगृहात होती तेवढीच. नोव्हेंबरात त्याच चित्रपटाची चार डिस्कची आवृत्ती निघाली आणि तिच्यात तो २०८ मिनिटांचा झाला होता. ऑगस्टात घाई केलेले हात चोळत बसले. खरे तर ऑगस्टच्या संचातच नोव्हेंबरच्या आवृत्तीची झलक दाखवली होती. पण वाट पाहणे हा संग्राहकांचा गुण नव्हे. पुढे ब्लू-रे आल्यावर २०१० मध्ये आधी छोटी लांबी आणि २०११ मध्ये वाढीव लांबी, असा तोच कित्ता पुन्हा गिरवला गेला.

याला सरसकट लुबाडणूक म्हणून मोकळे होता येते. पण मग त्या वाढीव तीस मिनिटांत काय आहे, हे पाहायचे राहून जाते. लोथलोरिएनच्या वनातून निघताना सवंगड्यांना भेटी दिल्या जातात तो प्रसंग तिथे सविस्तर आहे, आणि पुढच्या भागांत कामी येणारी कुठली वस्तू कुणाला कशी मिळाली हे तिथेच उलगडते. कथेचा एक सांधा जुळतो. म्हणजे या आवृत्तीने पैसेही दुसऱ्यांदा घेतले आणि मालही दिला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात, आणि म्हणूनच डिस्कची पारख हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होतो.

हा अभ्यास चित्रपट-समीक्षेहून वेगळा आहे, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. थोर चित्रपटाची टाकाऊ डिस्क असते आणि टाकाऊ चित्रपटाची देखणी. चित्रपट आवडतो की नाही, हे वाचकाचे त्याने ठरवलेले बरे. इथे प्रश्न एवढाच आहे, की दुकानदार जे ‘स्पेशल’ म्हणून पुढे सरकवतो त्यातून पदरात काय पडते.

या क्षेत्राची सुरुवात साधारण १९८४ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेत क्रायटेरियन कलेक्शनने ‘सिटिझन केन’ आणि पाठोपाठ ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर काढले. लेझरडिस्क म्हणजे लाँगप्ले रेकॉर्डएवढी मोठी तबकडी. तिच्यावर आवाजासाठी एकाहून अधिक वाटा होत्या, त्यातली एक रिकामी राहत असे. ‘किंग काँग’च्या त्या रिकाम्या वाटेवर लॉस एंजलिसच्या कला-संग्रहालयातले चित्रपट-अभ्यासक रोनाल्ड हेव्हर बोलले. पडद्यावर वानर, कानात अभ्यासक. चित्र चालू असताना सोबत चालणारे समालोचन, ज्याला आज सगळे कॉमेंट्री म्हणतात, ते असे जन्माला आले. एका मोकळ्या ध्वनिपट्ट्याचे काय करावे, या व्यावहारिक प्रश्नातून घरबसल्या चित्रपट शिकण्याची एक नवी पद्धत निघाली, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

मराठी वाचकाला या विषयाची किल्ली पुण्यातच सापडेल. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. वि. सी. सुकथनकरांच्या संपादनाने घालून दिलेली शिस्त अशी, की हस्तलिखिते ताडून पाहायची, संपादकाने ठरवलेली संहिता वर छापायची आणि पाठभेद खाली द्यायचे. गाळलेला श्लोकही गायब होत नाही. तो तळटीपेत किंवा परिशिष्टात सापडतो, आणि संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाला त्याच्याशी भांडता येते. चांगल्या विशेष आवृत्तीने नेमके हेच करावे, असे माझे मत आहे. चित्रपटालाही पाठभेद असतात. सेन्सॉरने कापलेला, निर्मात्याने आखडलेला, दिग्दर्शकाने दहा वर्षांनी बदललेला, असे एकाच नावाचे तीन-चार चित्रपट फिरत असतात. आपण विकत घेतो तो त्यातला कुठला, हे खोक्यावर सांगितले आहे का? बाकीचे कुठे गेले?

ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ घ्या. चित्रीकरणानंतर युनिव्हर्सल स्टुडिओने तो वेल्सच्या हातून काढून घेऊन आपल्या मनाने जुळवला. १९५७ मध्ये ती जुळवणी पाहून वेल्सने स्टुडिओला ५८ पानांचे टिपण लिहिले: इथला आवाज असा हवा, हा प्रसंग त्या प्रसंगात गुंफायला हवा. स्टुडिओने त्यातले फार थोडे ऐकले आणि १९५८ मध्ये चित्रपट लावला. वेल्स १९८५ मध्ये वारला. १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्च यांनी ते टिपण पुढ्यात घेऊन चित्रपट नव्याने जुळवला. सुरुवातीचा तीन मिनिटांहून लांब, सलग, एकही काप नसलेला तो प्रसिद्ध शॉट आठवावा. स्टुडिओने त्याच्यावर श्रेयनामावली चढवली होती आणि खाली हेन्री मॅन्सिनीचे संगीत वाजत होते. मर्चनी नावे उचलून शेवटी नेली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे आवाज आणले. एका दारूच्या गुत्त्यातले गाणे विरते, दुसऱ्यातले सुरू होते, मधूनच गाडीचा रेडिओ जवळ येतो आणि दूर जातो. गाडीत बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने तो रेडिओ कानाने शोधत राहावा लागतो. शॉट तोच, पण ताण वेगळ्याच जागी बसतो.

चित्रपटाला पन्नास वर्षे झाल्याबद्दल २००८ मध्ये निघालेल्या डीव्हीडी-संचात तिन्ही पाठ होते: १९५८ चा, त्याआधी चाचणी खेळासाठी केलेला लांब पाठ आणि १९९८ चा. सोबत वेल्सचे टिपण छापून दिले होते. मर्चचे काम वेल्सच्या शब्दाला धरून आहे की नाही, हे घरी बसून ओळीगणिक तपासता येत होते. विशेष आवृत्ती म्हणावी ती अशी. ‘ब्लेड रनर’चा २००७ चा पाच डिस्कचा संचही याच जातीचा: १९८२ चे अमेरिकेतले आणि बाहेरचे रूप, १९९२ चे, २००७ चे आणि मूळ कामचलाऊ प्रत, पाचही एकत्र.

उलट उदाहरणही तितकेच बोलके आहे. ‘स्टार वॉर्स’चे पहिले तीन चित्रपट जॉर्ज लुकस यांनी १९९७ मध्ये नवी दृश्ये आणि नवे तंत्र घालून पुन्हा चित्रपटगृहांत आणले, आणि २००४ मध्ये डीव्हीडीवर फक्त बदललेलीच रूपे दिली. लोकांनी मूळ रूपाची मागणी लावून धरल्यावर २००६ मध्ये ती मिळाली खरी, पण जादा सामग्री म्हणून, दुसऱ्या डिस्कवर आणि १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. रुंद पडद्याच्या टीव्हीवर चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत आक्रसून बसत होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दिग्दर्शकाला आपली कलाकृती बदलण्याचा हक्क आहे, यावर माझा वाद नाही. जुना पाठ दडवण्याला माझा आक्षेप आहे.

पाठ कोणता हे कळले, की प्रतीकडे वळावे. प्रत म्हणजे फिल्मवरून डिस्कवर आलेले चित्र किती प्रामाणिक आहे, ही बाब. इथे नवख्याची फसगत हमखास होते, कारण गुळगुळीत चित्र त्याला चांगले वाटते. फिल्मला दाणा असतो. तो दोष नव्हे, चित्राचा तपशील त्या दाण्यातच असतो. २०१० मध्ये ‘प्रेडेटर’ची ‘अल्टिमेट हंटर एडिशन’ नावाची ब्लू-रे आली. तिच्यात दाणा इतका पुसून काढला होता की जंगलातले घामेजलेले सैनिक मेणचट दिसू लागले. आधीची साधी डिस्क दाणेदार होती, पण खरी होती. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या २००९ च्या ब्लू-रेत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनीच रंग बदलले, तेव्हा छायालेखक ओवेन रॉयझमन यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. तेव्हा ‘दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली’ ही ओळ वाचून लगेच माना डोलावू नयेत.

प्रत तपासायची सोपी रीत आहे. आधी टीव्हीतली ‘शार्पनेस’ आणि ‘नॉइज रिडक्शन’ ही बटणे बंद करावीत, नाहीतर डिस्कऐवजी टीव्हीचीच परीक्षा होते. मग मध्यम उजेडाचा, कॅमेरा स्थिर असलेला प्रसंग लावावा आणि चेहऱ्याऐवजी मागची मोकळी भिंत पाहावी. भिंतीवर बारीक दाणा सतत जागा बदलत असला तर ठीक. तो एकाच जागी गोठलेला दिसला किंवा भिंत काचेसारखी साफ दिसली, तर कुणीतरी हात फिरवला आहे. त्यानंतर कानाजवळचे केस आणि कापडाची वीण पाहावी. शेवटी आभाळाच्या पार्श्वभूमीवरची एखादी काळी कड पाहावी. तिच्या बाहेरून पांढरी रेघ धावत असेल, तर चित्राला कृत्रिम धार लावली आहे.

लांबीचे आकडे वाचताना एक गोम लक्षात ठेवावी. फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते, पॅल पद्धतीची डीव्हीडी २५. त्यामुळे चित्रपट चार टक्क्यांनी लवकर संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. १७८ मिनिटांचा चित्रपट तिथे सुमारे १७१ मिनिटांत आटोपतो. काहीही कापलेले नसते. ‘सात मिनिटे चोरली’ म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी हा हिशेब मांडावा.

जादा सामग्रीबद्दल मी कठोर आहे. ‘सगळ्यांबरोबर काम करताना फार मजा आली’ असे सांगणाऱ्या नटांच्या मुलाखती ही जाहिरातच; तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. शिवाय डीव्हीडीच्या दोन थरांत मिळून साडेआठ जीबी जागा असते, आणि अशा चित्रफिती चित्रपटाबरोबर त्याच डिस्कवर कोंबल्या तर चित्रपटाच्याच वाट्याची जागा कमी होते. कोलंबियाने २००१ मध्ये ‘सुपरबिट’ नावाने डिस्क काढल्या त्या याच कारणाने: जादा सामग्री काढून सगळी जागा चित्राला आणि आवाजाला. पण चांगली सामग्री अनमोल असते. ‘लगान’च्या २००७ च्या तीन डिस्कच्या संचात सत्यजित भटकळ यांचा ‘चले चलो’ हा माहितीपट होता. चित्रीकरण चालू असताना तिथेच राहून टिपलेला. कच्छच्या उन्हात एवढा मोठा ताफा कसा सांभाळला जातो, कुठे अडतो, कोण वैतागतो, हे त्यात दिसते. चित्रपटाच्या कामातली अडचण दाखवायला जी सामग्री घाबरत नाही, ती खरी.

आपल्याकडे हा व्यवहार फार रुजला नाही, त्याला स्वस्ताईही कारण आहे. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. चित्रपट घरोघर पोचले, हे मोठेच काम झाले. पण त्या किमतीत पुनरुज्जीवनाचा आणि अभ्यासाचा खर्च कुठून निघणार? सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचे भाग्य थोर. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत तिच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने ते अवशेष जपून ठेवले, इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ठिसूळ झालेली फिल्म ओलावा देऊन पुन्हा लवचिक केली, आणि जिथे मूळ वाचले नव्हते तिथे इतर प्रतींचा आधार घेतला. २०१५ मध्ये क्रायटेरियनने त्रयी प्रकाशित केली. ‘शोले’चा शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावला होता; मूळ शेवटाची पुनरुज्जीवित प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्याच महोत्सवात दाखवली गेली.

परदेशी डिस्क मागवणाऱ्यांनी विभागाचे कुलूप तेवढे पाहून घ्यावे: भारत डीव्हीडीच्या पाचव्या विभागात येतो आणि ब्लू-रेच्या ‘सी’ विभागात. फोर-के डिस्कला असे कुलूप नसते. आणि तबकडी अमर असते हा समज सोडावा. २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या आपल्या काही डीव्हीडी सडत असल्याचे वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केले आहे. कपाटात आहे म्हणजे शाबूत आहे, असे नव्हे. अधूनमधून लावून पाहावी.

मराठीपुरते बोलायचे तर ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि त्यात प्रभातच्याही मूळ प्रती गेल्या. अशा परिस्थितीत घराघरांत पडलेल्या जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडी चित्र म्हणून कितीही सुमार असल्या, तरी पाठ म्हणून साक्षीदार ठरू शकतात. एखाद्या प्रतीत दुसरीत नसलेले कडवे किंवा प्रसंग असू शकतो. म्हणून वाचकांना विनंती, की आवराआवरीत जुन्या मराठी चित्रपटाची डिस्क हाती आली तर भंगारात टाकण्याआधी एकदा सबंध लावून पाहावी. चित्रपटाची घड्याळाने मोजलेली लांबी, डिस्क काढणाऱ्या कंपनीचे नाव आणि खोक्यावरचे साल टिपून ठेवावे, आणि जमल्यास एक प्रत उतरवून घ्यावी.