जनुकपरिवर्तित पिकांचे सुरक्षितता मूल्यमापन
अन्य सजीवातील जनुक (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणारा घटक) प्रविष्ट करून तयार केलेले पीक माणसास व पशूंस अपायकारक आहे किंवा नाही, हे ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा देतात. जनुकातील माहितीनुसार कोशिकेत प्रथम संदेशवाहक आरएनए व त्यावरून प्रथिन तयार होते. या क्रियेस जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ‘कोणते जनुक घातले’ या प्रश्नाकडून ‘ते कोठे, किती व कोणत्या स्वरूपात व्यक्त होते’ या प्रश्नाकडे झालेली वाटचाल म्हणजेच या मूल्यमापनाचा इतिहास होय.

तंबाखूसारख्या वनस्पतींत परकीय जनुक घालण्यात १९८३ मध्ये यश आले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९३ मध्ये सारभूत समतुल्यतेचे तत्त्व मांडले. त्यानुसार नव्या पिकाची तुलना त्याच्या रूढ वाणाशी करून जो फरक आढळेल तो तपासावयाचा असतो. सोयाबीनमधील मिथिओनिनाची उणीव भरून काढण्यासाठी त्यात ब्राझील नटाचे जनुक घालण्यात आले होते. मात्र या नटाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींच्या रक्तरसातील प्रतिपिंडे त्या सोयाबीनमधील प्रथिनाशी बद्ध होतात, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा वाण बाजारात आला नाही.

ऑस्ट्रेलियातील वाटाण्याचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. कीडप्रतिकारासाठी घेवड्यातील एका प्रथिनाचे जनुक वाटाण्यात घालण्यात आले. प्रथिन तेच असले, तरी वाटाण्याच्या कोशिकेत त्यास जोडल्या जाणाऱ्या शर्करा किंचित वेगळ्या होत्या. उंदरांमध्ये त्याविरुद्ध प्रतिरक्षा-प्रतिक्रिया झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले व हे काम थांबविण्यात आले. पुढे २०१३ मधील दुसऱ्या अभ्यासात साध्या घेवड्यातील प्रथिनानेही उंदरांत तशीच प्रतिक्रिया आढळली. यावरून तुलनेसाठी योग्य नियंत्रक निवडण्याचे महत्त्व स्पष्ट होते.

एकाच वेळी अनेक जनुकांची अभिव्यक्ती मोजणारी सूक्ष्मपट्टिका स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी १९९५ मध्ये वर्णिली. परकीय जनुकाच्या प्रवेशाने वनस्पतीतील इतर जनुकांवर अनपेक्षित परिणाम होतो काय, हे तीमुळे पाहता येऊ लागले. गव्हावरील २००६ मधील अभ्यासात रूढ पैदाशीच्या वाणांमधील फरक जनुकपरिवर्तनाने झालेल्या फरकाहून मोठे आढळले. भातावरील २००८ मधील अभ्यासात, तपासलेल्या सर्व बाबतींत, उत्परिवर्तित रोपांतील बदल जनुकपरिवर्तित रोपांतील बदलांपेक्षा अधिक होते.

अन्नसंहिता आयोगाच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नव्या प्रथिनाची पातळी व ते वनस्पतीच्या कोणत्या भागांत व्यक्त होते, याची माहिती अपेक्षित आहे. एकच मापन पुरेसे नसते, हे भारतातही दिसून आले. बीटी कापसास २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आठ संकरित वाण तपासले. कीटकनाशक प्रथिनाचे प्रमाण पानांत सर्वाधिक, बोंडांत व फुलांत कमी असून झाडाच्या वयाबरोबर ते घटत जाते, असे त्यांनी २००५ मध्ये दाखविले.

अभिव्यक्तीतील फरक म्हणजे अपाय नव्हे. पुढील तपासणी कोठे करावी, एवढेच तो दर्शवितो. विषाक्तता, ॲलर्जी व पोषणमूल्य यांच्या स्वतंत्र परीक्षा त्यामुळे अनावश्यक ठरत नाहीत. म्हणून प्रत्येक पिकाचा निर्णय स्वतंत्रपणे घेणे इष्ट ठरते.