अक्रॉपलिस संग्रहालय

अक्रॉपलिस संग्रहालय : ग्रीसची राजधानी अथेन्स येथील पुरातत्त्वीय वस्तुसंग्रहालय. अक्रॉपलिस टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी, पार्थेनॉन मंदिरापासून सु. ३०० मी. अंतरावर ते असून टेकडीवर व तिच्या उतारांवर सापडलेल्या वस्तूंसाठीच ते उभारलेले आहे. त्याचे उद्‌घाटन २० जून २००९ रोजी झाले.

टेकडीवरील जुने संग्रहालय पानागिस काल्कोस याच्या आराखड्यानुसार १८६५–७४ दरम्यान बांधण्यात आले. पार्थेनॉनच्या जोत्याहून इमारत उंच होऊ नये, या दंडकामुळे ती ठेंगणी राहिली. पुढील दोन दशकांतील उत्खननांत इराणी स्वारीत भग्न झालेली शिल्पे मोठ्या संख्येने मिळाली आणि जागा अपुरी पडू लागली. विसाव्या शतकात शहरातील दूषित हवेने संगमरवराचा पृष्ठभाग झिजू लागला. एरेक्थीयमच्या स्त्रीरूप स्तंभमूर्ती १९७९ मध्ये उतरवून तेथे प्रतिकृती बसवाव्या लागल्या.

नव्या इमारतीसाठी १९७६ व १९७९ मध्ये घेतलेल्या स्पर्धा निष्फळ ठरल्या. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निकोलेत्ती व पास्सारेल्ली या इटालियन वास्तुशिल्पज्ञांचा आराखडा निवडला गेला. परंतु नियोजित जागेत प्राचीन काळापासून बायझंटिन काळापर्यंतच्या वस्तीचे रस्ते, घरे, स्नानगृहे व विहिरी उघडकीस आल्याने तो १९९९ मध्ये सोडून द्यावा लागला. प्राचीन वस्तूंच्या रक्षणासाठी प्राचीन अवशेषच गाडणे हा विपर्यास ठरला असता. चौथ्या स्पर्धेत अवशेष जागच्या जागी राखण्याची अट होती. २००१ मध्ये बेर्नार चुमी व मिखालिस फोतियादिस यांची निवड झाली.

त्यांनी इमारत शंभराहून अधिक काँक्रीटच्या खांबांवर उचलून धरली. प्रत्येक खांबाची जागा अवशेष टाळून, पुरातत्त्वज्ञांच्या संमतीने ठरविण्यात आली. भूकंपाचे धक्के इमारतीपर्यंत पोहोचू नयेत अशी योजनाही करण्यात आली. तळमजल्याच्या काचेतून खालची वस्ती दिसते. २०१९ पासून प्रेक्षकांना तीत उतरताही येते. टेकडीच्या चढणीची आठवण देणाऱ्या उतरंडीवरून वर गेल्यावर आर्ष काळातील मूर्तींचे दालन लागते. मूर्ती भिंतीला टेकलेल्या नसल्याने त्या सर्व बाजूंनी, नैसर्गिक प्रकाशात पाहता येतात. इमारतीसमोरील जुनी घरे टेकडीचे दर्शन अडवितात म्हणून त्यांतील दोन पाडण्याचा प्रस्ताव २००७ मध्ये पुढे आला होता. नागरिकांच्या विरोधामुळे ती वाचली, हे योग्यच झाले.

आराखड्याचे मर्म सर्वांत वरच्या मजल्यात आहे. खालच्या मजल्यांच्या दिशेपासून सु. २३ अंशांनी वळवून हे काचेचे दालन पार्थेनॉनला समांतर केलेले आहे. त्याचा मध्यभाग मंदिराच्या गाभाऱ्याएवढा असून त्याभोवती शिल्पपट्ट मूळ क्रमाने लावलेला आहे. शिल्पपट्ट पाहतानाच काचेतून मंदिर दिसते.

हा क्रम मात्र जागोजाग खंडित होतो. सु. १६० मी. लांबीच्या शिल्पपट्टापैकी सु. ५० मी. भाग अथेन्समध्ये, तर सु. ८० मी. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. ग्रीस ऑटोमन साम्राज्यात असताना लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून ही शिल्पे काढून नेली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. अथेन्समध्ये ती ठेवण्यास योग्य जागा नाही, हा त्यांच्या परतीविरुद्धचा जुना युक्तिवाद होता. नव्या दालनाने तो निकालात काढला. स्वामित्वाचा वाद मात्र मिटलेला नाही, कारण १९६३ चा ब्रिटिश कायदा त्या संग्रहालयाला वस्तू कायमच्या देऊन टाकण्यास सहसा मुभा देत नाही. लंडनमधील भागांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती असून मधासारखा रंग चढलेल्या मूळ संगमरवराशेजारी त्या मुद्दाम वेगळ्या उठून दिसतात. पालेर्मोहून आलेला एक तुकडा २०२२ मध्ये कायमचा अथेन्सचा झाला. व्हॅटिकनने २०२३ मध्ये तीन तुकडे दिले.