शिकवलेला कुत्रा

नववीच्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, ‘कुत्रा हराम आहे, म्हणून मुसलमानांनी कधी कुत्री पाळली नाहीत.’ वाक्याचा पहिला भाग त्याने घरातल्या बोलण्यातून उचलला असणार. दुसरा मात्र सरळ चुकीचा इतिहास आहे. मी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘सूरह माइदा, आयत 4 बघ.’

या आयतीत शिकारीसाठी शिकवलेल्या जनावरांचा उल्लेख आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी शब्द येतो ‘मुकल्लिबीन’. तो ‘कल्ब’वरून, म्हणजे कुत्र्यावरूनच आला. अल्लाहचं नाव घेऊन सोडलेल्या शिकवलेल्या कुत्र्याने धन्यासाठी धरून ठेवलेली शिकार हलाल. दानशूर हातिमताईचा मुलगा अदी याने पैगंबरांना याबद्दल विचारलं होतं. कुत्र्याने शिकारीतलं स्वतः खाल्लं असेल तर ती खाऊ नये, कारण ती त्याने स्वतःसाठी पकडली, असं उत्तर मिळालं. पुढे हनफी फिकहमध्ये मोजमाप ठरलं: कुत्र्याने सलग तीनदा शिकार पकडून तोंड लावलं नाही, तर तो शिकलेला समजायचा. बी.एड.ला मूल्यमापनावर एवढी पानं वाचली, पण इतकी स्वच्छ कसोटी कुठे भेटल्याचं आठवत नाही.

आता इतिहास. अबुल फज़्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या कुत्र्यांची नोंद आहे, उत्तम कुत्री काबूलकडून, विशेषतः हजारा मुलखातून येत. उर्दूत सडपातळ शिकारी कुत्र्याला ‘ताज़ी’ म्हणतात, म्हणजे मूळचा अरबी. कुत्री सांभाळणारा तो ‘डोरिया’, कारण डोर त्याच्या हातात. आपल्या मराठवाड्यात, लातूरकडे, याच बांध्याचा कुत्रा ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यातला लांब रेशमी केसांचा ‘पश्मी’. कारवाँ आणि पश्म हे दोन्ही फारसी शब्द. खेड्यातला माणूस ते रोज उच्चारतो आणि त्याला ते परके वाटत नाहीत. मुधोळच्या घोरपडे संस्थानात हीच जात राजाश्रयाला गेली आणि ‘मुधोळ हाउंड’ झाली. 2005 साली टपाल तिकिटावरही आली.

ही कुत्री वासावर नाही, नजरेवर धावतात. धावणं त्यांच्या रक्तातच असतं. शिकवायचं असतं ते थांबणं: समोर ससा दिसला तरी दोर सुटेपर्यंत उभं राहणं, हाक आली की परतणं, पकडलेलं न फाडणं. पिल्लाला जुन्या जाणत्या कुत्र्याबरोबर सोडलं की बरंचसं ते बघूनच शिकतं. (वर्गात मीही हुशार मुलाशेजारी खोडकर मुलाला बसवते. कधी उलटाच परिणाम होतो.)

सगळ्यात गाजले ते रामपूरचे कुत्रे. नवाब अहमद अली खान यांनी पठाणी ताज़ी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून ही जात घडवली असं सांगतात, आणि तिचं मुख्य काम होतं कोल्हेशिकार. इथे मी अडखळते. कोल्हा खाल्ला जात नाही. मग ‘धन्यासाठी धरून ठेवलं’ म्हणजे काय धरून ठेवलं? हदीसमध्ये शिकार, कळप आणि शेत यांच्यासाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे. मेंढ्या राखणाऱ्या धनगराचा कुत्रा त्यात सहज बसतो. नवाबाचा शौक मला त्यात बसवता येत नाही. उटीत इंग्रज साहेब लाल कोट घालून कोल्ह्यामागे हाउंड सोडत, तेही त्याच रांगेतले.

अमेरिकेत कोल्ह्याचा भाऊबंद कायोटी मेंढ्या मारतो, म्हणून तिथे आजही कुत्री तयार करतात. त्यातला एक प्रकार गमतीचा आहे. कुत्र्याने कायोटीला पकडायचं नसतं. त्याच्या हद्दीत जाऊन चिडवायचं आणि तो मागे लागला की त्याला घेऊन शिकाऱ्याकडे परत यायचं. पुन्हा तेच, परत येणं शिकवायचं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर कोल्ह्याची शिकार गुन्हा ठरत गेली, हे बरंच झालं. आम्ही इंदिरानगरला राहायला आलो तेव्हा पाथर्डीच्या बाजूने रात्री कोल्हेकुई ऐकू यायची. आता मोकाट कुत्रीच रडतात.

तर तो मुलगा आयत वाचून आला. म्हणाला, ‘मॅडम, ठीक आहे. पण कुत्र्याने भांड्यात तोंड घातलं तर किती वेळा धुवायचं?’ मी म्हटलं, तीन. मागच्या बाकावरून कोकणीपुऱ्यातला त्याचा दोस्त ओरडला, ‘आमच्यात सात, मॅडम! त्यात एकदा मातीने!’ हनफी आणि शाफईंचा हा जुना वाद मग तास संपेपर्यंत चालला.