एजवूडचा खटला

१६ मे १९६८ रोजी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिम भागात एजवूड हायस्कूलची सुमारे चारशे मुले वर्ग सोडून बाहेर पडली आणि शाळांच्या अधीक्षकाच्या कार्यालयावर चालत गेली. तक्रारी अगदी साध्या होत्या. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या आहेत, साहित्य पुरत नाही, शिकवायला पात्र शिक्षक नाहीत. जवळजवळ सगळी मुले मेक्सिकन वंशाची. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन जेमतेम दीड महिना झाला होता, व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात होते. त्या गदारोळात या पोरांच्या मोर्चाकडे देशाने लक्ष द्यावे असे काही नव्हते. पण याच मोर्चातून जो खटला उभा राहिला, त्याचा निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की शिक्षण हा त्यांच्या संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही.

मी या खटल्याकडे वळलो ते एका वाक्यामुळे. "त्यांना शिकायचेच नसते" हे ते वाक्य. ज्या समाजात मी वाढलो त्याच्याबद्दल ते इतक्यांदा ऐकले आहे की २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा त्यातल्या आकड्यांपेक्षा मला त्या वाक्याचीच आठवण जास्त झाली. सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकनांबद्दलही हेच बोलले जात असे. एजवूडचे कागद या वाक्याला जे उत्तर देतात ते रुपये-आणे-पैशांत, म्हणजे डॉलर-सेंटांत आहे.

आधी रचना समजून घेऊ, कारण ती आपल्यापेक्षा फार वेगळी आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार त्या गावच्या घरपट्टीवर अवलंबून नसतो. तो राज्याच्या तिजोरीतून येतो. अमेरिकेत सरकारी शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्वतंत्र संस्थेच्या असतात. टेक्सासमध्ये हा डिस्ट्रिक्ट ना महापालिकेचा, ना परगण्याचा. त्याची हद्द वेगळी, निवडणूक वेगळी, कर वेगळा. मतदार सात विश्वस्त निवडून देतात. हे मंडळ अधीक्षक नेमते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि हद्दीतल्या घरा-दुकानांवर, कारखान्यांवर शाळेसाठी कर बसवते. असा कर बसवण्याची मुभा टेक्सासच्या घटनेत १८८३ साली आली. १९४९ मध्ये राज्याने किमान खर्चाची एक योजना आणली: तिचा सुमारे ८० टक्के भार राज्याने उचलायचा, उरलेला डिस्ट्रिक्टांनी मिळून. त्यावर ज्याला जितके खर्चायचे असेल त्याने आपल्या करातून खर्चावे. ऐकायला यात काही गैर वाटत नाही.

गैर आहे ते हद्दीच्या रेषेत. एकट्या सॅन अँटोनिओच्या महानगरात असे सात डिस्ट्रिक्ट होते. एजवूडच्या वाट्याला आली लहान लहान घरांची कामगार वस्ती. दुकाने थोडी, कारखाने जवळपास नाहीत. शेजारी केली हा हवाई दलाचा प्रचंड तळ, एजवूडमधल्या कित्येक घरांची चूल त्याच्यावर पेटायची. पण तळ पडला केंद्र सरकारचा, त्याच्यावर शाळेचा कर बसत नाही. मेक्सिकनांना आणि काळ्यांना घर विकायचे नाही असे करार शहराच्या बऱ्याच वस्त्यांत खरेदीखतातच असत. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले, पण तोवर कोण कुठे राहणार हे ठरून गेले होते. शहराच्या उत्तरेला अलामो हाइट्स ही सुखवस्तू वस्ती. तिची नगरपालिका स्वतंत्र, शाळांचा डिस्ट्रिक्टही स्वतंत्र.

डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हा केली तळावर पत्र्याचे काम करणारा कामगार, माजी सैनिक. त्याची मुले एजवूडच्या प्राथमिक शाळेत जात. त्या इमारतीचा वरचा मजला वापरायला धोकादायक ठरवलेला होता आणि तिथे वटवाघळे राहत. मोर्चानंतर पालक एकत्र आले तेव्हा त्यांचा राग स्थानिक कारभाऱ्यांवर होता. पैसे खाल्ले असतील, उधळले असतील, असा संशय. आर्थर गोकमन या वकिलाने त्यांना सांगितले की हा प्रश्न कारभाऱ्यांचा नाही, मुळात पैसाच नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या दुरवस्थेचा दोष समोर दिसणाऱ्या माणसावर जातो, मग तो मुख्याध्यापक असो की बोर्डाचा सदस्य. सूत्र दिसत नाही. १९६८ च्या उन्हाळ्यात खटला दाखल झाला.

१९६७-६८ या वर्षाचे हिशेब न्यायालयापुढे आले. एजवूडमध्ये २५ शाळा, सुमारे २२,००० मुले, त्यांतली ९० टक्के मेक्सिकन वंशाची. करासाठी ठरवलेली मालमत्ता विद्यार्थ्यामागे सरासरी ५,९६० डॉलर. अलामो हाइट्समध्ये सहा शाळा, सुमारे ५,००० मुले, मालमत्ता विद्यार्थ्यामागे ४९,००० डॉलरच्या वर. आता कर पाहा. एजवूडने १०० डॉलरमागे १.०५ डॉलर कर बसवला होता, शहरातल्या सगळ्या डिस्ट्रिक्टांत सर्वाधिक. अलामो हाइट्सचा दर होता ८५ सेंट. राज्याच्या योजनेतला आपला हिस्सा भरून एजवूडच्या हाती स्वतःच्या करातून विद्यार्थ्यामागे उरले २६ डॉलर. अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्याच्या योजनेतून एजवूडला मिळाले २२२ आणि अलामो हाइट्सला २२५. म्हणजे गरिबाला हात द्यायला आणलेल्या योजनेने श्रीमंताला तीन डॉलर जास्तच दिले! केंद्राची मदत धरून एजवूडची बेरीज ३५६ डॉलर झाली, अलामो हाइट्सची ५९४.

पैशांनी वर्गात काय फरक पडतो, असे विचारणारे तेव्हाही होते. १९६८-६९ मध्ये अलामो हाइट्सचे सगळे शिक्षक पदवीधर होते. एजवूडमध्ये पाचातला एक नव्हता. एजवूडचे सुमारे ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते, अलामो हाइट्सचे ११ टक्के. ज्या पालकांना शिक्षणाची आवड नाही म्हणून हिणवले जाई, ते शहरात सर्वांत चढा शाळा-कर भरत होते.

डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने रॉड्रिग्जच्या बाजूने निकाल दिला. टेक्सास सरकार वर गेले. २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो उलटवला. निकालपत्र लिहिले लुईस पॉवेल यांनी. हे गृहस्थ स्वतः नऊ वर्षे व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष होते, त्यामुळे स्कूल बोर्ड ही त्यांच्या जिव्हाळ्याची संस्था. त्यांचे म्हणणे असे: संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा हक्क कुठेही लिहिलेला नाही, गरीब डिस्ट्रिक्टमध्ये राहणे ही घटनेने खास संरक्षण द्यावे अशी ओळख नाही, आणि आपल्या शाळांवर किती खर्च करायचा हे स्थानिक लोकांनी ठरवावे हा हेतू पुरेसा रास्त आहे. व्यवस्था सुधारायचीच असेल तर ती कायदेमंडळांनी सुधारावी.

थर्गूड मार्शल यांचे भिन्नमत लांबलचक आणि संतप्त आहे, आणि तेच जास्त उद्धृत होते. मला मात्र बायरन व्हाइट यांच्या मतातला एक हिशेब अधिक बोचतो. परगण्यातल्या सर्वाधिक उत्पन्नाची बरोबरी करायला अलामो हाइट्सला १०० डॉलरमागे ६८ सेंट कर पुरला असता. एजवूडला लावावा लागला असता ५.७६ डॉलर. आणि शाळा चालवण्याच्या करावर राज्याच्या कायद्याने घातलेली मर्यादा होती दीड डॉलर. ज्या स्थानिक निर्णयस्वातंत्र्यापायी एजवूडची मुले हरली, ते एजवूडच्या मतदारांना कायद्यानेच नव्हते.

(आणखी एक गंमत. हा खटला आजही सॅन अँटोनिओ डिस्ट्रिक्टच्या नावाने ओळखला जातो, रॉड्रिग्जचा प्रतिपक्ष म्हणून. प्रत्यक्षात सुरुवातीलाच सगळ्या डिस्ट्रिक्टांना खटल्यातून वगळले होते, आणि सॅन अँटोनिओ डिस्ट्रिक्टने पुढे रॉड्रिग्जच्या बाजूने निवेदन दिले. नाव तेवढे चिकटून राहिले.)

मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले त्याचा गाभाच हा होता की सरकारी तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. एजवूडची यंत्रणा वेगळी होती. तिथे गरिबांचा कर त्यांच्याच हद्दीत राहत होता, अडचण होती ती हद्दीचीच. पण शाळेची चौकशी तिजोरीपासून सुरू करायची, ही जोतीरावांची रीत तिथेही लागू पडते.

केंद्रातला दरवाजा बंद झाल्यावर लोक राज्याच्या घटनेकडे वळले. टेक्सासच्या घटनेत सरकारी शाळांची 'कार्यक्षम व्यवस्था' ठेवणे हे कायदेमंडळाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. १९८४ मध्ये एजवूडने आणि इतर काही डिस्ट्रिक्टांनी त्या शब्दावर खटला भरला. आता एजवूडची मालमत्ता विद्यार्थ्यामागे ३८,८५४ डॉलर होती आणि अलामो हाइट्सची ५,७०,१०९. आठपटींचे अंतर जवळजवळ पंधरापट झाले होते. राज्यातला सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्ट यांत ७०० पटींचा फरक होता. २ ऑक्टोबर १९८९ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. सरकारने कायदा केला, तो १९९१ मध्ये रद्द झाला. दुसरा केला, तो १९९२ मध्ये. १९९३ चा तिसरा टिकला. श्रीमंत डिस्ट्रिक्टांनी ठरावीक मर्यादेवरचा पैसा इतरांसाठी सोडायचा, असे त्याचे सूत्र. लोकांनी त्याला 'रॉबिन हूड' नाव दिले. अलामो हाइट्सही तेव्हापासून पैसा सोडते आणि कुरकुर करते.

पैशांची दरी त्यामुळे पुष्कळ कमी झाली हे मान्य केले पाहिजे. पण मधली पंचवीस वर्षे गेली होती. १९६८ साली पहिलीत असलेले मूल १९९३ मध्ये तिशीला टेकले होते. शिवाय टेक्सासमध्ये राज्याचा निधी मुलांच्या रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो आणि एजवूडची मुले कमी होत गेली. १९९५ पासून चार्टर शाळांना परवानगी मिळाली. १९९८ मध्ये खाजगी देणगीदारांनी दहा वर्षांसाठी पाच कोटी डॉलरची योजना नेमकी एजवूडमध्येच आणली: गरीब घरातल्या मुलांनी सरकारी शाळा सोडून खाजगी शाळेत जावे, फी योजना भरेल. २००१ मध्ये केली तळ बंद झाला. मूल गेले की त्याच्यामागचा निधी जातो. इमारतीचे छप्पर, बसचा चालक, स्वयंपाकघर हा खर्च तेवढाच राहतो. २२,००० वरून एजवूडची पटसंख्या आता दहा हजारांच्या खाली आली आहे. अशा डिस्ट्रिक्टच्या परीक्षांचे निकाल अलामो हाइट्सच्या शेजारी ठेवून गुणवत्ता मोजणे मला फारसे प्रामाणिक वाटत नाही, पण राज्य तेच करते.

याचा अर्थ एजवूडचा कारभार धुतल्या तांदळासारखा होता असा नाही. विश्वस्तांमधली भांडणे विकोपाला गेली आणि २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी निवडून आलेले मंडळ बाजूला सारून आपले प्रशासक मंडळ नेमले. मुलांना याचा लाभ झाला असेलही. पण ज्या स्थानिक नियंत्रणाच्या नावाने १९७३ मध्ये एजवूडची मागणी फेटाळली गेली, ते काढून घ्यायला एक आदेश पुरला. निवडून आलेले विश्वस्त काही वर्षांनी टप्प्याटप्प्याने परत आले. त्याच २०१६ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची शाळा-निधीची व्यवस्था सदोष असली तरी घटनेत बसते, असा निर्वाळा दिला.

डेमेट्रिओ रॉड्रिग्ज २०१३ साली वारले. एजवूड आणि अलामो हाइट्स हे आजही दोन वेगळे डिस्ट्रिक्ट आहेत.