जुन्या ओळींचे दप्तर

सातबाऱ्यावर मालक बदलला की जुने नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात, फेरफार क्रमांक लिहितात आणि नवे नाव चढवतात. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसची मूळ रीतही हीच होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली हा प्रकल्प हाती घेतला. एखादी ओळ बदलायची तर जुनी जागच्या जागी ठेवून नवी आवृत्ती लिहायची. कोणत्या व्यवहाराने ती जन्मली आणि कोणत्या व्यवहाराने बाद झाली, हे तिच्यावरच नोंदवायचे.

जुन्या आवृत्त्यांचे पुढे काय, याचे उत्तर स्टोनब्रेकर यांच्या १९८७ च्या निबंधात आहे. ‘व्हॅक्यूम क्लीनर’ नावाची एक प्रक्रिया त्या गोळा करून अभिलेखागारात नेणार होती. त्यासाठी एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. मागची एखादी तारीख सांगून त्या दिवशीचा तक्ता मागता यावा, हा हेतू. नाव झाडलोटीचे, पण काम दफ्तरदाराचे! आज व्हॅक्यूमला पोस्टग्रेसची खोड म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा निबंध वाचलेला नसावा, असे मला वाटते.

हा अभिलेख टिकला नाही. वेग मंदावतो, जागा फार लागते अशा कारणांनी १९९७ च्या ६.२ आवृत्तीत भूतकाळ पाहण्याची सोय काढून टाकली. मात्र जुन्या ओळी मागे राहतच गेल्या. १९९९ मध्ये वादिम मिखेयेव यांच्या कामामुळे त्यांना नवे प्रयोजन मिळाले: वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याला अडवू नये, म्हणून चालू वाचकापुरती जुनी प्रत राखायची. शेवटचा वाचक उठला की ती मृत, आणि व्हॅक्यूमने तिची जागा मोकळी करायची. सुरुवातीला या सफाईसाठी अख्खा तक्ता कुलूपबंद व्हायचा. २००२ च्या ७.२ पासून ती अडचण गेली. २००५ मध्ये स्वयंचलित सफाई गाभ्यात आली, २००८ पासून ती आपोआप चालू राहू लागली.

माझा आक्षेप सफाईला नाही, निकषाला आहे. ‘आत्ता कोणी वाचत आहे का?’ एवढेच ती विचारते. एखाद्याने व्यवहार उघडा टाकून जेवायला जावे, तर त्यानंतर मेलेल्या ओळी तो परतेपर्यंत हलत नाहीत. पण दहा वर्षांनी येणाऱ्या संशोधकासाठी एकही ओळ थांबत नाही. मोडीतले रुमाल सोडणाऱ्या माणसाला हे बोचतेच. दुरुस्तीपूर्वीचा आकडा काय होता, हे कोणी वेगळे लिहून ठेवले नसेल तर या तक्त्याला विचारून उपयोग नाही.

शिवाय हिशेब क्रमांकांचाही आहे. व्यवहारांचे क्रमांक सुमारे ४ अब्जांत संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. म्हणून जुन्या पण जिवंत ओळींवर ‘ही कायमची भूतकाळातली’ अशी खूण व्हॅक्यूमलाच करावी लागते. ती फारच राहिली, तर भूतकाळ भविष्यासारखा दिसू लागेल या भीतीने यंत्रणा नवे क्रमांक देणेच थांबवते.

काढलेल्या सोयीची उणीव भरून काढायला ‘टाइमट्रॅव्हल’ नावाचे एक छोटे जोडकाम पोस्टग्रेससोबत बरीच वर्षे मिळत असे. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत तेही वगळले गेले.